उंदराचा वाफा

आमच्या दादानं एका घोड्यापायी शेजारच्या अण्णांची कोथिंबीर बुडवली, तेव्हा मी मंचरला कॉलेजात होते. घोडा लाकडी होता, बोटभर उंचीचा, एक कान तुटलेला. कोथिंबीर मात्र खरी होती आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जायची होती.

आमचे वडील, आबा, मुंबईला गोदीत कामाला होते. निवृत्त होऊन अवसरीला परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि बुद्धिबळाचा पट आला. गोदीत जेवणाच्या सुट्टीत ते खेळायला शिकले होते. जेवणाच्या सुट्टीत शिकलेला माणूस भराभर खेळतो, कारण डोक्यावर भोंगा असतो. दादाला त्यांनी शिकवलं ते शेतावर, कांद्याला पाणी भरता भरता. शेतावर भोंगा नव्हता, आणि तिथंच सगळा घोळ झाला असं आबांचं ठाम मत होतं.

आमचं रान थोडं आणि विहीर अण्णांशी सामाईक. दिवसाची लाइट असली की मोटर चालू करायची, पाटानं पाणी आणायचं आणि कांद्याचा एकेक वाफा भरायचा. एक भरला की खोऱ्यानं त्याचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. काम अवघड नाही, पण माणूस अडकून पडतो. जाता येत नाही आणि बसवतही नाही. म्हणून आबांनी बांधावर टोमॅटोचं क्रेट पालथं घातलं, त्यावर पट मांडला आणि दादाला समोर बसवलं.

त्या दिवशी चाल दादाची होती. तो विचार करत होता. आबांनी बराच वेळ वाट पाहिली, एक विडी ओढली, जांभळीला पाठ टेकली आणि त्यांचा डोळा लागला. दादाचं पाण्याकडं लक्ष असायचा प्रश्नच नव्हता. वाफा भरला, वरून वाहिला, बांध फुटला आणि पाणी सरळ अण्णांच्या रानात शिरलं. अण्णा धोतर वर धरून पळत आले.

"आरं, तुझा घोडा कुठं न्यायचा त्यो ने की लवकर!" ते ओरडले. "माझी कोथमीर पवाय लागली हितं!"

दादा इतका गडबडला की त्यानं घोडा उचलला आणि आबांच्या प्याद्याच्या तोंडातच नेऊन ठेवला. आबा जागे झाले, आधी पट पाहिला, मग पाणी पाहिलं. प्याद्यानं घोडा खाल्ला आणि मगच खोरं घेऊन उठले. जाता जाता म्हणाले, "येवढ्यासाठी मानसाची कोथमीर बुडीवली व्हय रं?"

त्या संध्याकाळी आमच्या घरात कायदा झाला. एका चालीला एक वाफा. ज्याची चाल नाही त्यानं खोरं घेऊन पाण्यावर उभं राहायचं. वाफा भरला की "भरला!" म्हणून हाक द्यायची. तोवर चाल झाली नाही तर ती गेली. आबा म्हणाले, गोदीत भोंगा होता, हितं वाफा.

आता दादाची विचार करायची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. चाल आली की पहिल्या क्षणी त्याचा उजवा हात आपोआप एका सोंगटीकडं जायचा. बोट टेकायचं नाही, नुसतं वर तरंगायचं. मग तो हात मागं घ्यायचा, मांडीखाली दाबून बसायचा आणि विचार सुरू व्हायचा. कितीतरी वेळ. मी आणि आबांनी पुष्कळ वर्षं पाहिलं, आमचं दोघांचंही म्हणणं एकच पडलं. हात जिकडं गेला होता ती चाल चांगली असायची. मांडीखालून जी निघायची ती वाईट असायची, आणि जेवढी उशिरा निघायची तेवढी जास्त वाईट.

याचा अर्थ पटापट खेळणारे शहाणे, असाही नाही. मी वीज चमकावी तशी खेळायचे आणि तशीच विझायचे. आबा मला म्हणायचे, "तू बुद्धिबळ खेळतीस का चिंचोके?" पण माझ्या चुका माझ्या असायच्या, मूर्खपणाच्या आणि मोकळ्या. दादाच्या चुकांवर मेहनत घेतलेली असायची. बघून वाईट वाटायचं.

एकदा मी त्याला विचारलं, हात जातो तिकडंच का खेळत नाहीस?

"पयल्यांदा दिसती ती चाल समोरच्यालाबी दिसत आसंल की," तो म्हणाला. "त्यानं मुद्दाम ठिवली आसंल."

"आबा मुद्दाम ठेवतात? आबांना पुढच्या चालीचा पत्ता नसतो."

"तसं दाखवत्यात त्ये."

असा हा माणूस. गंमत म्हणजे मंचरला हायवेच्या कडेला त्याचं मोटर रिवायंडिंगचं छोटं दुकान होतं आणि तिथं त्याचा हात कधी मांडीखाली गेला नाही. जळलेली मोटर आली की झाकण उघडायचा आणि कामाला लागायचा. मोटर कुणावर डाव टाकत नाही, एवढाच काय तो फरक.

एका वाफ्याला एक चाल, या कायद्यातून पळवाट काढायला दादाला फार दिवस लागले नाहीत. बांधाच्या कडेला, जांभळीच्या अंगाला एक वाफा होता, त्याच्या कोपऱ्यात उंदराचं बीळ होतं. पाणी सोडलं की अर्धं त्या बिळात जायचं. कुठं जायचं ते देव जाणे, पण गुडगुड आवाज येत राहायचा आणि वाफा काही भरायचा नाही. दादानं हे हेरलं. सोप्या चाली तो आधीच्या वाफ्यांत उरकायचा आणि काहीतरी अवघड आलं की ते नेमकं उंदराच्या वाफ्याला येईल अशी बेतानं तजवीज करायचा. आबा खोरं घेऊन उभे, पाणी गुडगुडतंय, आणि हा मांडीखाली हात घालून निवांत.

"त्ये बीळ बुजीव," आबा दर पाळीला सांगायचे.

"बुजीवतो की," दादा म्हणायचा. कधी बुजवलं नाही.

पुढं पुढं आमच्या घरात हा शब्दच झाला. दादा मंचरला शर्ट घ्यायला गेला, दुकानदारानं सगळे गठ्ठे सोडले, आणि शेवटी दादा मोरपंखी रंगाचा शर्ट घेऊन आला. आईनं तो पाहिला आणि म्हणाली, "ह्यो उंदराच्या वाफ्यातला दिसतोय."

शर्टाचं ठीक होतं. लग्नाचं कठीण झालं. दादा तिशी ओलांडून पुढं गेला तरी प्रत्येक स्थळाला त्याचं एकच उत्तर: विचार करून सांगतो. तोपर्यंत मुलींची लग्नं होऊन जात. एका मुलीचं तर बारसंही झालं, आणि त्याचं आमंत्रण आलं तेव्हा दादाचा विचार चालूच होता. आईनं बोलायचं सोडलं होतं. ती रात्रीच्या भाकऱ्या थापताना जरा जास्त जोरात थापायची, तेवढंच.

मग मामा बेल्ह्याकडचं एक स्थळ घेऊन आला. आपल्याच समाजातली मुलगी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. वय तिचंही जरा झालेलं, कारण तीही नकार देत आलेली. मामा म्हणाला, तिकडं न्हाई ऐकायची तयारी ठिवा, मंजी तरास व्हनार न्हाई.

आम्ही गेलो तो बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस होता. रस्त्यात बैल, टेम्पो, मोटारसायकली आणि धूळ. आम्ही पोचलो तेव्हा दादाच्या मोरपंखी शर्टावर धुळीचा थर होता आणि त्यामुळे तो जरा बराच दिसत होता. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. मुलगी साधी, सावळी, बोलताना समोर बघणारी. तिच्या वडिलांनी दादाला विचारलं, कामाशिवाय काय आवड?

"बुद्धिबळ," दादा म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो.

"आमच्याकडं पट आहे," मुलगी म्हणाली.

ती उठली आणि शाळेतल्या मुलांसाठी आणलेला प्लॅस्टिकचा पट घेऊन आली. तिचे वडील हसले, मामा हसला, आबा तर खुर्चीतून पुढंच सरकले. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पट मांडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

ती वेगळी खेळायची. चार चाली चटचट, उगीच वेळ न घालवता. मग एका ठिकाणी थांबायची आणि बराच वेळ बघत बसायची. मग पुन्हा चटचट. म्हणजे विचार करायची, पण जिथं लागेल तिथंच, मिठासारखा. आमचा दादा प्रत्येक चालीला सारखाच वेळ घेत होता. पोहे गार झाले. चहा दुसऱ्यांदा आला. तिच्या वडिलांची मान छातीवर टेकली. मी मध्येच आत तिच्या आईशी बोलायला गेले, कांद्याच्या भावापासून मूळव्याधीच्या औषधापर्यंत सगळं बोलून झालं, बाहेर आले तरी प्यादी तिथंच.

शेवटी मामानं घड्याळाकडं बोट केलं. आमची शेवटची एसटी गेली होती.

तिनं नुकताच हत्ती हलवला होता आणि चाल दादाची होती. मामानं त्याला दंडाला धरून उठवलं. दादा दारापर्यंत पटाकडं बघत गेला. ती म्हणाली, "चाल राहिलीय तुमची. सावकाश विचार करा आणि कळवा."

सगळे हसले. सावकाश, हे दादाला कुणी सांगायला नको होतं.

आळेफाट्यापर्यंत आम्ही एका व्यापाऱ्याच्या टेम्पोतून आलो. आई-आबा पुढं ड्रायव्हरशेजारी, आणि मागं मी, दादा, मामा आणि नुकताच विकला गेलेला एक बैल. बैल बिचारा शांत होता. मी दादाला विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली हाय," दादा म्हणाला.

मी चमकले. ना हात मांडीखाली, ना काही. प्रश्न संपायच्या आत उत्तर. मामानंही ऐकलं आणि बैलाच्या पाठीवरून माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, झालं, आता मला नवी साडी.

पण त्याच वेळी मला कळायला हवं होतं. हात जाऊन आला होता. आता मांडीखालचं सुरू होणार होतं.

आठवड्याभरात तिकडून होकार आला. मामा पेढे घेऊनच आला होता. दादानं पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाला, "विचार करून सांगतो."

घरी त्यानं बेल्ह्याचा डाव आठवून आठवून जसाच्या तसा पटावर मांडला होता आणि पट कपाटावर ठेवला होता. धूळ पुसायलाही कुणी हात लावायचा नाही. तो म्हणायचा, चाल कळवायचीय. चाल कळवल्याबिगर नुसतं बाकीचं कळवलं तर कसं दिसंल? मी खुर्चीवर चढून तो डाव पाहिला आणि मला हसू आलं. दादाचा घोडा एका उडीत तिच्या राजाला शह देत होता आणि त्याच उडीत तिच्या वजिरावर येत होता. राजा हलवला की वजीर गेला. माझ्यासारखीला दिसलं म्हणजे कुणालाही दिसलं असतं.

"घोडा घाल की!" मी म्हणाले.

"दिसलंय मला."

"मग?"

"इतकं सोपं कसं आसंल?" तो म्हणाला. "ती बाई आशी चुकनारी वाटली का तुला? काय तरी आसनार त्येच्यामागं."

मी आबांना बोलावलं. आबांनी पट पाहिला, सगळीकडून पाहिला आणि म्हणाले, मागं काय न्हाई, भिंत हाय. पण दादाला पटलं नाही. रोज दुकानातून आला की हातपाय धुवायचा आणि कपाटासमोर उभा राहायचा.

मला वाटत होतं हे सगळं खेळाचं वेड आहे. मी चिडवायचे, की वहिनी आणायची आहे का वजीर? एके दिवशी कांदे खुरपताना असंच चिडवलं, आणि त्यानं खुरपं खाली ठेवलं.

"तिला नोकरी हाय," तो म्हणाला. "शिकल्याली हाय. चांगली चांगली स्थळं तिनं घालीवली. आनि मला आठ दिसांत हो म्हनली. का म्हनली? माझ्याकडं काय हाय? भाड्याचं दुकान हाय आनि ह्यो कांदा. काय तरी चुकून म्हनली आसंल. उद्या तिच्या ध्यानात आलं, मंग?"

मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. इतकी वर्षं आम्ही त्याच्या विचार करण्याला हसत होतो. तो विचार करतच नव्हता. कुणी आपल्याला काही चांगलं सहज देईल यावर त्याचा विश्वास नव्हता, घोड्याच्या बाबतीत नव्हता आणि तिच्या बाबतीतही नव्हता. मी म्हटलं, "शर्ट तरी बदल तो," आणि दोघंही पुन्हा खुरपायला लागलो.

दिवस गेले. मामा आला तो या वेळी पेढ्याशिवाय. तिला बघायला रविवारी पुण्याहून पाहुणे येणार होते. मुलगा कंपनीत पर्मनंट. तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता की शनिवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, त्यापुढं आम्हाला थांबता येणार नाही.

"विचार करून सांगतो," दादा म्हणाला.

"भाच्या," मामा म्हणाला, "तुझा विचार हुईस्तवर ती आज्जी हुईल." तो पाणीसुद्धा न पिता गेला. आई त्या रात्री जेवली नाही.

शनिवारी दिवसाची लाइट होती. दादानं दुकान बंद ठेवलं आणि बेल्ह्याचा डाव अलगद क्रेटवर उतरवून शेतावर आणला. फोन अण्णांच्या घरी होता, तिथून करायचा होता. तो काही तिकडं गेला नाही. आबा जांभळीखाली बसून राहिले, मी खोरं घेऊन पाण्यावर. मी एकेक वाफा भरत होते आणि "भरला" अशी हाक मारायचंही टाळत होते, कारण ऐकणाऱ्याच्या काळजात काय होईल ते मला माहीत होतं.

दुपार कलली आणि बांधावरून दोन बायका येताना दिसल्या. चपला हातात, साड्या घोट्याच्या वर. पुढची तीच होती. शनिवारची सकाळची शाळा करून ती शेजारच्या अवसरी खुर्दला मावशीकडं आली होती आणि मावशीला घेऊन सरळ आमच्या रानात.

आबा उठून उभे राहिले, टोपी नीट केली, पुन्हा बसले. दादा उठलाच नाही.

ती क्रेटपाशी आली आणि पटाकडं बघत राहिली. "मी ठेवला तसाच आहे," ती म्हणाली.

"हां," दादा म्हणाला.

"एवढे दिवस?"

आबांनी घसा खाकरून आमचा कायदाच सांगायला सुरुवात केली. एका चालीला एक वाफा, भरला की चाल गेली, गोदीत भोंगा व्हता, वगैरे. तिनं अगदी मन लावून ऐकलं. मग माझ्या हातातून खोरं घेतलं, पदर खोचला आणि चिखलात उतरली.

"मग हा वाफा भरेपर्यंत सांगा," ती दादाला म्हणाली. "चाल सांगा आणि दुसरंही सांगा. वाफा भरला की मी जाणार. परत विचारायला येणार नाही."

तिनं चालू वाफ्याचं तोंड सराईतपणे बंद केलं आणि शेजारचं उघडलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मी आबांकडं. तिनं उघडला होता तो उंदराचा वाफा.

तिला कुठून माहीत असणार? मी सांगायला तोंड उघडलं, तर आबांनी डोळ्यांनीच गप्प केलं. पाणी आत शिरलं, कोपऱ्यापर्यंत गेलं आणि गुडगुड करायला लागलं. मावशी बांधावर बसून पायाचा चिखल काढू लागली. दादाचा हात मांडीखाली गेला. मी मनात म्हटलं, संपलं. आता दिवस मावळेपर्यंत याला वेळ आहे, आणि एवढा वेळ मिळाला की हा नक्की चुकणार.

पाणी येत होतं आणि जात होतं. ती खोऱ्यावर हात टेकून उभी होती. एकदा वाकून तिनं वाफ्यात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "भरत का नाही हा?" ती म्हणाली. आबा आभाळाकडं बघू लागले.

दादानं मान वर केली. त्यानं पट पाहिला, वाफा पाहिला, मग तिच्या घोट्यापर्यंत चिखलात गेलेल्या पायांकडं पाहिलं. आणि उठला. कांद्याची एक पात कधी कुणाला तुडवू न देणारा माणूस, सरळ कांद्यातून चालत गेला, कोपऱ्यात पोचला आणि बिळावर टाच दाबून उभा राहिला.

गुडगुड थांबली. पाणी वर चढू लागलं.

"हितं उंदराचं बीळ हाय," तो म्हणाला. "ह्यो वाफा कधीच भरत न्हाई. मला ठावं व्हतं."

पाणी त्याच्या घोट्याला लागलं.

"दुसऱ्याचं उत्तर हो हाय," दादा म्हणाला. "बेल्ह्याच्या रस्त्यालाच व्हतं. टेंपोत हिनं इचारलं तवाच सांगितलं व्हतं मी. ही साक्षीला हाय."

"बैलही होता," मी म्हणाले. मला नाक ओढत बोलावं लागलं.

"आणि चाल?" तिनं विचारलं.

"घोडा. राजाला शह, वजिरावर मार. पर तिथं तुमचा डाव काय हाय त्यो मला आजून कळला न्हाई."

"डाव कसला?" ती म्हणाली. "चुकले मी. हत्ती हलवला आणि लगेच कळलं वजीर गेला म्हणून. तुमचा हात घोड्यावर आला होता, मी बघितलं. मग तुम्ही तो मागं का घेतलात तेच मला आजवर कळलं नाही."

"तुमी चुकल्या? कशा काय?"

"माझं पटाकडं लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

आबांना एकदम आठवलं की मोटरीचा फूटव्हॉल्व बघायचाय आणि ते विहिरीकडं निघाले. मावशीनं पायाचा चिखल काढायचा बंद केला होता आणि ती तोंडाला पदर लावून बसली होती. भाची मात्र खोरं टाकून क्रेटजवळ आली, हात साडीला पुसला, उकिडवी बसली आणि दादाचा कानतुटका घोडा तिनं स्वतः उचलून स्वतःच्या राजाला शह देत ठेवला. "शह," तीच म्हणाली. मग आपला वजीर उचलून पटाबाहेर ठेवला.

पाण्याकडं अर्थातच कुणाचंही लक्ष नव्हतं. बीळ बंद झाल्यावर तो वाफा असा काही भरला, जणू इतक्या वर्षांचा अनुशेष काढत होता. बांध फुटला, पाणी पलीकडं गेलं, आणि अण्णा धोतर वर धरून पळत आले.

"आता कुनाचा घोडा आडला, राव?"

"अण्णा," आबा विहिरीवरूनच ओरडले, "लगीन ठरलं!"

अण्णांनी आपल्या रानाकडं पाहिलं, चिखलात खुंटासारख्या उभ्या असलेल्या दादाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "आसं व्हय," ते म्हणाले. "मंग बुडू द्या." आणि तिथंच वाकून त्यांनी भिजलेल्या कोथिंबिरीची एक जुडी उपटली, झटकली आणि वहिनीच्या हातात दिली.

मी पळत जाऊन मोटर बंद केली. परत आले तरी दादा तिथंच, टाच बिळावर घट्ट दाबून. पाय उचलला तर झालं ते सगळं त्या बिळातून निघून जाईल अशी त्याला भीती वाटत असावी.

"आता पाय काढू का?" त्यानं तिला विचारलं.

वहिनीनं कोथिंबिरीची जुडी नाकाला लावली आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "विचार करून सांगते."